वडिलांची जुनी वेबपानं टाकू नका, त्या ‘कचऱ्या’तच मराठी आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी २००१ ते २००७ या काळात एका फुकटच्या जागेवर स्वतःची मराठी वेबपानं चालवली. गावातल्या शेतीच्या जुन्या पद्धती, आत्याकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, बलुतेदारांची अवजारं, अशी दीडशेच्या आसपास पानं. वडील आता नाहीत. ती जागाही बंद पडली. घरात एक सीडी सापडली, पण पानं उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. काही पानांवर नुसते ठोकळे आहेत. भावाने ईमेलने पाठवलेल्या काही पानांत जागोजागी जपानी येनचं चिन्ह दिसतं, तर काही ठिकाणी फक्त प्रश्नचिन्हांच्या रांगा. दुकानदाराने सांगितलं, ‘फाइली खराब झाल्यात, काही होणार नाही.’ खरंच काही होणार नाही का?

होईल. बरंच काही होईल. १९९८ पासून मी मराठी अक्षरजुळणी आणि जुन्या मजकुराचं युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात) रूपांतर हेच काम करतो आहे. तुम्ही सांगितलेल्या चार खुणांपैकी तीन माझ्यासाठी रोजच्या आहेत आणि त्या तिन्हींमागे मजकूर जिवंत आहे. आधी एक विनंती. यातली कुठलीही फाइल वर्डमध्ये किंवा नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह’ करू नका. सीडीची जशीच्या तशी प्रत दोन ठिकाणी काढा, मूळ सीडी कपाटात ठेवा आणि पुढचं सगळं प्रतीवर करा. मी पाहिलेलं बहुतेक नुकसान काळाने केलेलं नाही. कुणीतरी प्रेमाने ‘दुरुस्त करून’ सेव्ह केल्यामुळे ते झालं आहे.

आता इंग्रजी अक्षरांचा काला. हा प्रकार समजला की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती. अक्षरांचा क्रमही आपल्याकडच्या १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संगणकी प्रमाणावरून घेतलेला होता. पण घरोघरी असलेल्या विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरीची जोडाक्षरं मांडता येत नव्हती. विंडोज २००० मध्ये ती सोय आली. एक्सपीमध्येही मूळ सीडी घालून ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या फाइली वेगळ्या बसवाव्या लागत, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. मधल्या काळात ज्याला मराठीत लिहायचं होतं त्याने काय करावं? त्याने फॉन्टच बदलला. इंग्रजी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षरासाठी एक खण असतो. त्या खणातलं इंग्रजी अक्षराचं चित्र काढून टाकायचं आणि तिथे देवनागरीचा एक तुकडा बसवायचा. संगणकाला वाटतं आपण इंग्रजीच दाखवतो आहोत, वाचणाऱ्याला दिसते मराठी. शिवाजी, किरण, शुषा, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे योगेश-सुरेख हे फॉन्ट याच जातीचे. फरक इतकाच की प्रत्येकाने तुकडे आपापल्या सोयीच्या खणांत बसवले.

‘तुकडे’ म्हणालो, कारण पूर्ण अक्षरं मावत नव्हती. एकूण खण २५६, त्यातले वापरण्याजोगे सव्वादोनशेच्या आत. त्यात सगळे व्यंजन, त्यांची अर्धी रूपं, मात्रा, वेलांट्या, रफार, अंक आणि नेहमीची जोडाक्षरं बसवायची. म्हणून शिवाजी फॉन्टमध्ये ज्या अक्षरांना शेवटी उभा दंड असतो, ती अर्धीच ठेवली आणि दंड वेगळा टंकायचा असं ठरवलं. तोच दंड काना म्हणूनही चालतो. ‘शासन’ लिहायचं तर कॅपिटल एस, ए, ए, स्मॉल एस, ए, एन, ए. पहिला ए म्हणजे श चा दंड, दुसरा ए म्हणजे काना. तुमच्या पानांवर दर दोन अक्षरांमागे इंग्रजी ए दिसत असेल, तर वडिलांनी शिवाजी किंवा त्याच्या जवळचा फॉन्ट वापरला होता असं मी आत्ताच म्हणेन.

त्या काळात मराठी मजकूर शोधायची रीतही अशीच निघाली होती. शोधयंत्रं ती पानं इंग्रजी समजून नोंदवत. त्यामुळे मराठी शब्द शोधायचा तर तो त्या फॉन्टमध्ये टंकायचा, समोर आलेला इंग्रजी काला उचलायचा आणि शोधखिडकीत टाकायचा. मी असं कितीदा केलं आहे. शोधयंत्र लहान आणि मोठी लिपी एकच धरतं, त्यामुळे श आणि स मध्ये भेदच उरत नसे. ‘शाळा’ शोधायला जावं तर कुठल्यातरी बोलीतल्या कवितेतली ‘साळा’ही हाती लागायची. आणि एका फॉन्टातला शब्द दुसऱ्या फॉन्टातल्या पानांवर कधीच सापडायचा नाही. एकाच भाषेची पानं एकमेकांना ओळखत नव्हती.

तर मग करायचं काय? सीडीवरचं एक पान साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये फक्त पाहण्यासाठी उघडा आणि ‘फॉन्ट फेस’ (font face) हे इंग्रजी शब्द शोधा. त्याच्यापुढे अवतरणात फॉन्टचं नाव असेल. शेवटचे अंकही तसेच उतरवून घ्या. शिवाजी ०१ आणि शिवाजी ०५ यांना एकच समजू नका, काही खण वेगळे असू शकतात आणि चुकीचा तक्ता (कुठल्या खणात कुठला तुकडा याची यादी) लावला की नेमकी जोडाक्षरं बिघडतात. तो फॉन्ट मिळवून संगणकावर बसवलात तर काही पानं लगेच मराठीत दिसतीलही. दिसली तर त्यांची पीडीएफ करून ठेवा. पुढे रूपांतर तपासायला ती मूळ प्रत म्हणून लागेल.

सीडीवर ईओटी (.eot) किंवा पीएफआर (.pfr) अशा शेपटीच्या फाइली आहेत का तेही पाहा. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यायला लावणं वडिलांना बरं वाटत नसेल, तर त्यांनी पानासोबत धावणारा फॉन्ट दिला असेल. ईओटी इंटरनेट एक्सप्लोररसाठी, पीएफआर नेटस्केपसाठी. ईओटी बनवताना तो कुठल्या पत्त्यावर चालेल हे त्यातच बांधून ठेवलेलं असे. त्यामुळे तेच पान सीडीवरून उघडलं की फॉन्ट चालत नाही. वडिलांकडे चालायचं आणि तुमच्याकडे चालत नाही, याचं हे एक साधं कारण असू शकतं. पण ईओटी म्हणजे गुंडाळून ठेवलेला ट्रूटाइप फॉन्टच असतो. ती गुंडाळी सोडवता येते आणि आतला फॉन्ट परत मिळतो.

ठोकळ्यांच्या पानांकडे वळू. टेक्स्ट एडिटरमध्ये पानाच्या डोक्यावर ‘कॅरसेट’ (charset) या शब्दापुढे ‘एक्स-यूजर-डिफाइन्ड’ (x-user-defined) असं लिहिलंय का पाहा. ही वेबवरची एक विसरलेली जुनी चीज आहे आणि भारतीय भाषांच्या अशा पानांनी ती बरीच वापरली. तिचा अर्थ एवढाच, की वरच्या १२८ खणांत काय आहे ते ब्राउझरने विचारू नये, फॉन्ट काय ते पाहून घेईल. आजचे ब्राउझरही ही खूण ओळखतात, पण त्या खणांना युनिकोडच्या खाजगी वापराच्या पट्ट्यात नेऊन ठेवतात. त्या पट्ट्यात कुठल्याच नेहमीच्या फॉन्टमध्ये चित्रं नसतात, म्हणून ठोकळे. मजकुराला काहीही झालेलं नाही. मात्र ब्राउझरमधून मजकूर कॉपी करून रूपांतरकात टाकलात तर तो रूपांतरक हात वर करेल, कारण त्याला मूळ खण हवे असतात. म्हणून कॉपी-पेस्ट नको, थेट फाइलच वाचायला द्या.

रूपांतरात दोन ठिकाणी माणसाची नजर लागते. जुने फॉन्ट डोळ्याला दिसतं त्या क्रमाने लिहायचे, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने लिहितं. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फाइलीत ती आधी येते. ‘शिवाजी’ हा शब्दच तिथे इंग्रजी आयने सुरू होतो. युनिकोडमध्ये ती वेलांटी श च्या नंतर गेली पाहिजे. एकेरी अक्षर असेल तर सोपं. पण ‘निश्चित’मध्ये दुसऱ्या वेलांटीने सबंध श्च ओलांडायला हवा. आळशी रूपांतरक फक्त एक तुकडा ओलांडतो आणि तिथे अर्ध्या श ला लटकलेली वेलांटी दिसते. रफाराची चाल उलटी. ‘कीर्ती’मध्ये तो शेवटी ती च्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या फाइलीत तो ती नंतर आहे. युनिकोडमध्ये त्याला त च्या आधी आणावं लागतं. ओव्यांमध्ये ‘सूर्य’, ‘पर्वत’, ‘दर्शन’ असे शब्द भरपूर येतात. तपासायला बसाल तेव्हा आधी रफारच तपासा.

दुसरी जागा म्हणजे ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यातला अर्धा र. जुन्या फॉन्टमध्ये त्याला स्वतःचा खण होता. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. दोन्ही मिसळले तर पुढे कुणी ‘वाऱ्यावर’ शोधेल आणि अर्ध्या ओव्या सापडणारच नाहीत. एकच रीत ठरवा. मी पहिली वापरतो. ‘ॲ’चंही असंच आहे. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवायचे आणि त्या दोन रूपांना युनिकोड एक मानत नाही.

इथे मी केलेली एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती टाळाल. २००९ च्या सुमारास एका दिवाळी अंकाच्या जुन्या फाइली मला मिळाल्या. काम लवकर व्हावं म्हणून मी आधी सगळे एचटीएमएल टॅग (पानातल्या फॉन्ट, रंग वगैरे सांगणाऱ्या खुणा) काढून टाकले आणि मग मजकूर रूपांतरकातून काढला. त्या लेखांमध्ये मधूनमधून इंग्रजी शब्द, फोन नंबर आणि झाडांची शास्त्रीय नावं होती. फॉन्ट टॅग होता तोवर इंग्रजी कुठे संपतं आणि मराठीचा काला कुठे सुरू होतो हे ठरलेलं होतं. टॅग गेल्यावर दोन्ही एकाच इंग्रजी अक्षरांत होतं. रूपांतरकाने शास्त्रीय नावांचीही मराठी अक्षरं करून टाकली. मूळ प्रत हाताशी होती म्हणून काम पुन्हा करता आलं, तरी तीन आठवडे वाया गेले. वडिलांनी बियाण्यांची किंवा अवजारांची इंग्रजी नावं लिहिली असतील तर टॅगला हात लावण्याआधी रूपांतर करा.

आता येनचं चिन्ह. ही पानं निराळी आहेत आणि ती पाहून मला आनंद झाला, कारण वडील शेवटच्या काळात युनिकोडवर आले होते असा त्याचा अर्थ आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फाइलीत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं असतं. बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. पहिली बाइट नेहमी २२४, दुसरी १६४ किंवा १६५, तिसरीने अक्षर ठरतं. वाटेत एखाद्या प्रोग्रामने ही बाइट पश्चिम युरोपच्या विंडोज-१२५२ तक्त्याने वाचली, की २२४ चा होतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, आणि १६५ चं होतं येनचं चिन्ह. येन दिसलं म्हणजे तिथे बहुधा दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलंत यांपैकी काहीतरी होतं. ‘मराठी’ या शब्दात पाच चिन्हं आहेत, म्हणून त्याची पंधरा विचित्र अक्षरं होतात. ती उलट वाचली की शब्द परत मिळतो.

बहुतेक वेळा मिळतो. काही अक्षरं मात्र या वाटेवर जखमी होतात, आणि कुठली होतात हे ठरलेलं आहे. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ हे पाच खण रिकामे आहेत. ब्राउझर तिथली बाइट सांभाळून ठेवतात, पण बरेच प्रोग्राम ती गाळतात. आपली तिसरी बाइट नेमकी १४१ असते ती हलंताची. १२९ ऱ्हस्व उकाराची आणि चंद्रबिंदूची, १४३ देवनागरी ए ची, १४४ ऐ ची, १५७ झ ची. हलंत गेला की जोडाक्षरं सुटतात, ‘रस्ता’चा ‘रसता’ होतो. ठ ची तिसरी बाइट १६०. त्या तक्त्यात ती न तुटणारी मोकळी जागा आहे. ईमेलमध्ये कुणी जास्तीच्या मोकळ्या जागा साफ केल्या, की पहिला बळी ठ चा. म्हणजे ‘मराठी’ हा शब्दच धड राहत नाही. भ ची बाइट १७३, ते तिथे अदृश्य संयोगचिन्ह असतं आणि मुकाट्याने गळून पडतं.

ही यादी एवढ्यासाठी दिली, की गाळलेल्या जागा आपण भरू शकतो. २२४ आणि १६४ नंतर साधी मोकळी जागा दिसली तर तिथे ठ होता. २२४ आणि १६५ नंतर काहीच न येता पुढचं २२४ आलं, तर हलंत किंवा ऱ्हस्व उकार यांपैकी एक होतं, आणि ‘रस_ता’ किंवा ‘म_लगा’ असं समोर आलं की मराठी माणसाला ते लगेच कळतं. १६४ नंतर काही नसेल तर बहुधा भ, ए किंवा झ. यंत्राकडून संशयाच्या जागांवर खुणा करून घ्या आणि घरातल्या कुणा ज्येष्ठ माणसाला शेजारी बसवा. ओव्यांचं तर हे काम आत्या हयात असतील तर त्यांच्यासोबतच करा. ओवी निम्मी वाचली की उरलेली त्यांच्या तोंडून येईल, आणि ती छापलेल्यापेक्षा वेगळी आली तर तीही लिहून घ्या.

प्रश्नचिन्हांच्या रांगा ही चौथी आणि वाईट बातमी. इथे प्रोग्रामने देवनागरी न मावणाऱ्या जागेत मजकूर कोंबला आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून मूळ फेकून दिलं. ‘मराठी’ची पाच प्रश्नचिन्हं, ‘शेत’ची तीन, आणि ‘नांगर’चीही पाचच. शब्द किती लांब होता एवढंच कळतं, कुठला होता ते नाही. त्यातून मजकूर काढून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

त्या पानांसाठी दुसरा रस्ता आहे. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते आणि २००१ पासून वेबॅक मशीनवर त्या सगळ्यांना पाहता येतात. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट वेबपानांची सेवा बंद होत होती, तेव्हा आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी दिवसरात्र बसून जेवढी उतरवता येतील तेवढी पानं उतरवली. ज्यांना ते ओळखतही नव्हते अशा लाखो लोकांची घरगुती पानं त्यामुळे राहिली. वडिलांच्या पानांचा जुना पत्ता शोधा. तो त्यांच्या जुन्या पत्रांत, व्हिजिटिंग कार्डावर किंवा त्याच सीडीवरच्या पानांमधल्या दुव्यांत नक्की असेल. वेबॅकवर पान मिळालं तर पत्त्यात जे तारखेचे चौदा आकडे दिसतात, त्यांच्या लगेच पुढे इंग्रजी आय, डी आणि अंडरस्कोर टंका. मग अर्काइव्हने वर लावलेली पट्टी आणि बदललेले दुवे निघून जातात आणि मूळ फाइल जशी होती तशी हाती येते. हीच फाइल रूपांतराला घ्या, समोर दिसणारं पान नको.

रूपांतरकांविषयी. एकेकाळी फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं ॲड-ऑन होतं. जुन्या भारतीय फॉन्टांची पानं ते उघडता उघडता युनिकोडमध्ये दाखवायचं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्सने जुन्या पद्धतीचे ॲड-ऑन बंद केले, तेव्हापासून तो रस्ता बुजला. आज सुटे रूपांतरक जालावर मिळतात, त्यातले पुष्कळ हिंदी कृतिदेवसाठी बनवलेले आहेत. ते मराठीचा ळ आणि अर्धा ऱ नीट हाताळतात का हे आधी एकाच पानावर पाहा. ‘वेळ’, ‘दऱ्या’, ‘कीर्ती’, ‘निश्चित’, ‘ज्ञान’, ‘क्षेत्र’ हे सहा शब्द मी प्रत्येक रूपांतरकाला पहिल्यांदा देतो. सहाही सुखरूप बाहेर आले तरच पुढचं काम त्याच्यावर सोपवतो.

रूपांतर झालं तरी मूळ फाइली ठेवाच. आज जी जागा तुम्ही अंदाजाने भराल, ती पाच वर्षांनी चुकीची वाटेल आणि तेव्हा मूळ बाइट पाहावी लागतील. नव्या फाइली यूटीएफ-८ मध्ये ठेवा आणि फाइलींची नावं वडिलांनी दिलेलीच राहू द्या, नाहीतर पानांमधले आपसातले दुवे तुटतील.

सुरुवात ओव्यांच्या एका छोट्या पानाने करा, दीडशे पानं एकदम नको. त्या पानातलं फॉन्टचं नाव, कॅरसेटपुढचा शब्द आणि पहिल्या दोन ओळी जशा दिसतात तशा मला कळवा. शिवाजी किंवा किरण असेल तर मी स्वतः जुळवलेला तक्ता माझ्याकडे तयार आहे, तो लगेच पाठवतो. दुसरा कुठला असेल तर तुमच्या पीडीएफवरून आपण तो खण खण पाहून जुळवू. दोन संध्याकाळी पुरतात.